एकशे पंचावन्न मीटरांचा उजेड

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम सहसा कुणी वाचत नाही. अंधार पडल्यावर गाडीचे दिवे कसे असावेत, ते त्यात सांगितलंय. समोर १५५ मीटरवरचा माणूस आणि वाहन स्पष्ट ओळखू यावं, इतका उजेड हवा. १५५ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या साधारण तेरा एसटी गाड्या. डिसेंबरात गळीत हंगाम ऐन भरात असताना कोल्हापूर-सांगली रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तेराव्या एसटीपाशी उभा असलेला माणूस दिसतो का? चौथ्या एसटीपाशी दिसला तरी नशीब, असंच उत्तर येईल.

रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल आपल्याकडे दोन तक्रारी सर्रास ऐकू येतात. एक, ‘माझ्या गाडीचा लाइट पडतच नाही.’ दुसरी, ‘समोरच्याच्या लाइटमुळे काही म्हणजे काही दिसत नाही.’ गंमत अशी की या दोन्ही तक्रारी बहुतेक वेळा एकाच माणसाच्या असतात, आणि समोरून येणारा ड्रायव्हरही त्याच्याबद्दल अगदी हेच म्हणत असतो. उजेड कमी आहे की जास्त, हा प्रश्नच त्यामुळे फसवा ठरतो. उजेड भरपूर आहे, पण तो जागेवर नाही. तो जागचा का हलला, याची कारणं काही गाडीत आहेत, काही डोळ्यांत, काही कायद्यात आणि बरीचशी सवयींत.

दिवा मंद का होतो

आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या आणि स्वस्त गाड्यांमध्ये आजही हॅलोजन बल्बच जास्त दिसतात. त्यातला सगळ्यांत ओळखीचा म्हणजे एच-फोर. तीन पायांचा, १२ व्होल्टचा, अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट घेणारा. १९७१ मध्ये आलेला हा बल्ब पन्नास वर्षं जवळपास तसाच चालू आहे. तो जळाला की लगेच कळतं. जळण्याआधी तो म्हातारा होतो, ते मात्र कळत नाही. उजेड रोज कणाकणाने उतरतो आणि डोळा त्याला सरावतो.

पण दर वेळी दोष बल्बचा नसतो. गेल्या पावसाळ्याआधी मी माझी दहा वर्षांची गाडी घेऊन ओळखीच्या वायरमनकडे गेलो आणि म्हणालो, ‘लाइट फार डिम झालाय, बल्ब बदलून टाका.’ त्याने इंजिन आणि दिवा दोन्ही चालू ठेवायला सांगितले. मीटरच्या पिना आधी बॅटरीला लावल्या. १३.९ व्होल्ट. मग त्याच पिना बल्बच्या कपलरला मागून लावल्या. १२.१. मीटर माझ्यापुढे धरत तो म्हणाला, ‘साहेब, बल्बची काय चूक? घरातनं डबा भरून निघतोय, पण वाटेतच सगळे जेवून घेतात.’

वाटेत जेवणारे बरेच असतात. अनेक जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा करंट बॅटरीतून निघतो, बारीक तारेने स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून परत पुढे बल्बकडे येतो. स्विचचे काळवंडलेले पॉइंट, सैल झालेला कपलर आणि गंजलेलं अर्थिंग यांपैकी प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. तारेच्या बल्बचं गणित इथे फार निर्दय आहे. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड दहा नव्हे, जवळपास तीस टक्के घसरतो. माझ्या गाडीत एक-तृतीयांशाहून जास्त उजेड तारांमध्येच मुरत होता. वायरमनने बॅटरीपासून जाड तार ओढून रिले बसवला, अर्थिंग घासून घट्ट केलं, आणि जुनाच बल्ब नव्यासारखा पेटला.

तिसरं कारण काच. अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती. दगड लागला की फुटायची, पण पिवळी पडत नसे. हल्लीच्या दिव्यांची ‘काच’ पॉलिकार्बोनेटची असते. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी उडाला की ती आधी धुरकट आणि मग पिवळी होते. बारा महिने उन्हात उभी राहणारी गाडी आणि सावलीतली गाडी यांच्या दिव्यांत पाच-सात वर्षांनी उघड फरक दिसतो. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये अशा खराब झालेल्या दिव्यांची चाचणी घेतली. नव्या दिव्याच्या तुलनेत त्यांतून जेमतेम एक-पंचमांश उजेड बाहेर पडत होता. टूथपेस्टने काच घासण्याचा घरगुती उपाय तात्पुरती चमक देतो. पण पॉलिश केल्यावर वर पुन्हा संरक्षक लेप दिला नाही, तर काच पूर्वीपेक्षा लवकर पिवळी पडते. आतल्या रिफ्लेक्टरचा मुलामाच उडाला असेल, तर मात्र पॉलिशचा उपयोग नाही. तो दिवाच बदलावा लागतो.

फोकस नावाची दुर्लक्षित गोष्ट

बल्ब, तार, काच सगळं ठीक असलं, तरी दिव्याचं तोंड कुठे आहे यावर बाकी सारं अवलंबून असतं. गॅरेजच्या भाषेत हा ‘फोकस’. डिपरचा झोत साधारण एक टक्का खाली झुकलेला असावा लागतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल, तर झोताची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. हाच झुकाव चुकून दोन टक्के झाला, तर तीच कड ३२ मीटरवर येते आणि आपण म्हणतो, ‘लाइट पडत नाही.’ उलट झोत क्षितिजाच्या जराही वर गेला की तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्या दिव्यांचा झोत डावीकडे मुद्दाम थोडा वर उचललेला असतो. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याला त्रास होऊ नये, असा त्यामागचा विचार.

पुष्कळ गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर, बहुधा स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती असते. गाडी विकत घेतल्यापासून तिला हात न लावलेले लोक मी कितीतरी पाहिलेत. मागच्या सीटवर तिघे बसले आणि डिकीत गावाकडून आणलेली तांदळाची पोती पडली की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही वर जातो. आकडा वाढवला की झोत खाली येतो. चकतीचं काम एवढंच, पण ते न केल्यामुळे समोरून येणारे शंभर जण आपल्याला शिव्या देत जातात.

डोळे दिपवणारा उजेड

मोटारीच्या दिव्याचा इतिहास म्हणजे दूरचं दिसणं आणि समोरच्याला न दिपवणं, या दोन गरजांची ओढाताण आहे. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे होते. कॅडिलॅकने १९१२ मध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिल्यावर ते मागे पडू लागले. ओसरामने १९२४ मध्ये एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवल्या आणि अप्पर-डिपर सोपं झालं. १९६२ मध्ये युरोपात मोटारीसाठी हॅलोजन आला, १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाडीत झेनॉन दिसला, आणि २००७-०८ च्या सुमारास एलईडी आला. प्रत्येक टप्प्यावर उजेड वाढला आणि प्रत्येक टप्प्यावर समोरच्याची तक्रारही वाढली.

आपल्याकडे त्यावर जुना देशी उपाय होता. हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका, नाहीतर वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. ट्रकच्या मागे ‘रात्री डिपर वापरा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ पिढ्यान्‌पिढ्या रंगवली गेली. ती ट्रकचालकांच्या इतकी अंगवळणी पडली होती की २०१६ मध्ये त्यांच्यातल्या एड्स-जागृतीसाठी निघालेल्या कंडोमला ‘डिपर’ हेच नाव दिलं गेलं. ओळ सगळ्यांना पाठ आहे, बोट मात्र स्विचपर्यंत जात नाही.

त्यात आता नव्या खोडीची भर पडलीय. पूर्वी उजेड कमी वाटला की लोक ‘शंभर-नव्वद’चा बल्ब टाकून घेत. तो इतका तापतो की होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर भाजून निघतो. आता हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवतात. हॅलोजनचा रिफ्लेक्टर एका विशिष्ट जागी असलेल्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. एलईडीचे चौकोनी ठिपके त्या जागी आणि त्या आकारात बसत नाहीत, त्यामुळे झोत फुटतो आणि विखुरतो. चालवणाऱ्याला बॉनेटपुढचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून तो खूश असतो. पण जवळचा रस्ता जितका झगझगीत, तितकी त्याचीच बाहुली आकसते आणि लांबचं कमी दिसतं. समोरून येणाऱ्याचं तर विचारायलाच नको.

नियम यावरही गप्प नाही. १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपवेल असा दिवा चालणार नाही. गाडीत मनाला येतील ते फेरफार करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्यात दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड आहे. पण ते आठ मीटर, तो अर्धा मीटर आणि तो दीड मीटर रस्त्यावर टेप लावून मोजतो कोण?

डोळ्याची बाजू

अंधाराला पुरतं सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका झोतात उडतो. समोरची गाडी निघून गेल्यावरही काही सेकंद नुसता पांढरा डाग दिसत राहतो. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. डोळे तीन सेकंद दिपले, तर तेवढ्यात ६६ मीटर, म्हणजे साडेपाच एसटी इतका रस्ता आपण अंदाजानेच कापतो.

वय वाढलं की हे आणखी बिघडतं. साठीत बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, आणि विशीतल्या डोळ्याच्या मानाने पडद्यापर्यंत सुमारे एक-तृतीयांशच उजेड पोचतो. मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल, तर प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसू लागतं. लायसन्सच्या वेळी भरायच्या आरोग्याच्या स्वयंघोषणेत रातांधळेपणाबद्दल एक प्रश्न असतो. त्यापुढे ‘नाही’ लिहिलं की विषय संपतो. पिवळ्या काचांचे ‘नाइट ड्रायव्हिंग’ चष्मे घालूनही डोळ्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांनी चमक जराशी मवाळ वाटते, पण एकूण उजेडही कमी होतो आणि रस्त्यावरचा माणूस लवकर दिसत नाही. त्याऐवजी पुढची काच आतून पुसावी. आतल्या प्लास्टिकची वाफ, धूळ आणि हात मिळून तिच्यावर एक तेलकट पडदा चढवतात. दिवसा तो दिसत नाही, रात्री मात्र समोरचा प्रत्येक दिवा त्यावर पसरतो.

ज्यांना दिवाच नाही

आतापर्यंतचं सगळं ज्यांना दिवे आहेत त्यांच्याबद्दल होतं. पण आपल्या रस्त्यांवर रात्री मरणाऱ्यांत ज्यांच्या अंगावर कुठलाच उजेड नव्हता, असे पुष्कळ असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. मृतांमध्ये ३२,८२५ पादचारी होते. दिवसाचे तीन-तीन तासांचे भाग केले, तर सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत होतात, एकूण अपघातांच्या सुमारे एक-पंचमांश. त्या वेळी अंधार नुकताच पडलेला असतो, डोळे सरावलेले नसतात, आणि रस्त्यावर शेतातून परतणारे, बाजाराहून येणारे, पायी चालणारे सगळेच असतात. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कार्तिकीसाठी पंढरपूरला निघालेल्या दिंडीत कार घुसली आणि सात वारकरी गेले. वेळ हीच होती.

चालणाऱ्याला वाटतं, ‘मला एवढी मोठी गाडी दिसतेय, म्हणजे तिलाही मी दिसतोय.’ हा हिशेब चुकतो. तो गाडीच्या दिव्याकडे बघत असतो आणि गाडीवाला अंधाराकडे. पादचारी आपण किती लांबून दिसतो याचा अंदाज नेहमी जास्त बांधतात. पांढरा सदरा काळ्यापेक्षा कितीतरी आधी दिसतो, आणि उजेड आल्या वाटेने परत फेकणारी पट्टी त्याहून फार आधी. तीही नुसती छातीवर असण्यापेक्षा घोट्यांवर आणि गुडघ्यांवर असली तर जास्त कामाची ठरते. खाली-वर हलणारा पाय माणसाचाच आहे हे ड्रायव्हरच्या मेंदूला क्षणात कळतं.

ऊसपट्ट्यातली ट्रॉली हा याच प्रश्नाचा सगळ्यांत मोठा नमुना. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारी वाढी, मागचा दिवा वायर तुटल्यामुळे बंद, रिफ्लेक्टर चिखलात बुडालेला. त्यातून पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी, आणि खूण म्हणून मागे दोन दगड. जुन्या बैलगाडीच्या पोटाखाली रात्री कंदील टांगलेला असायचा. गाडीवानाला त्या कंदिलात रस्ता दिसत नसे. तो कंदील त्याच्यासाठी नव्हताच, मागून येणाऱ्यासाठी होता. हंगामाच्या तोंडावर कारखाने आणि पोलीस ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, फोटो निघतात. रोज कापडाने ते पुसणं ही पुढची गोष्ट मात्र कुणाच्याच अंगावर नसते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल, ही परावर्तक पट्टी म्हणजे त्या कंदिलाचा आजचा अवतार. तिला ना बॅटरी लागते, ना वायर. फक्त ती स्वच्छ हवी.

तपासतो कोण

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसची परीक्षा द्यावी लागते. आता होत असलेल्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत दिव्याचा झोत यंत्रावर मोजला जातो, ही चांगली गोष्ट आहे. खासगी गाडीला मात्र नोंदणीपासून पंधरा वर्षं असं काहीच नाही. धूर किती सोडते हे ठरावीक मुदतीने पीयूसीत बघतात, उजेड कुठे सोडते हे कुणी बघत नाही. पीयूसीच्याच रांगेत झोताची तपासणी करायला भिंतीवरच्या दोन रेघाही पुरतील. दुचाकींसाठी १ एप्रिल २०१७ पासून दिवसाही आपोआप पेटणारा हेडलाइट सक्तीचा झाला, कारण दुचाकी दिसत नाही हे मान्य झालं होतं. तो दिवा नेमका कुठे रोखलेला असावा, याची तपासणी मात्र राहून गेली.

नव्या गाड्या महाग असल्या म्हणजे दिवे चांगले, असंही नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०१६ मध्ये मध्यम आकाराच्या ३१ गाड्यांचे दिवे रस्त्यावर तपासले. ‘उत्तम’ हा शेरा मिळाला एकीला, टोयोटाच्या प्रियस-व्हीला. नापास झालेल्यांत महागड्या गाड्याही होत्या. याच संस्थेने २०२१ मध्ये अपघातांशी ताळा घातला. चांगल्या दिव्यांच्या गाड्यांचे रात्रीचे एकट्या गाडीचे अपघात खराब दिव्यांच्या गाड्यांपेक्षा १९ टक्क्यांनी आणि पादचाऱ्यांना धडकण्याचे २३ टक्क्यांनी कमी निघाले. समोरच्या गाडीपुरताच झोताचा तुकडा विझवणारे मॅट्रिक्स दिवे २०१३ पासून युरोपात आहेत. अमेरिकेने त्यांना २०२२ मध्ये परवानगी दिली आणि आपल्याकडेही महागड्या गाड्यांत ते दिसू लागलेत. ते सर्वांच्या गाडीत येईपर्यंत मात्र आपल्या हातात बोट आहे आणि बोटाखाली डिपरचा स्विच.

उरलेल्या एसट्या

रिले बसल्यावर, काच घासून घेतल्यावर आणि भिंतीवर खडूने रेघ मारून फोकस जुळवल्यावर मी त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. चौथ्या एसटीऐवजी सहाव्यापर्यंत दिसू लागलं. तेराव्यापर्यंत नाही. आणि समोरून गाडी येत असताना ते दिसणारही नाही. ६५ मीटरवर रस्त्याला टेकणाऱ्या डिपरकडून १५५ मीटर मागणं म्हणजे कंदिलाकडे चांदणं मागणं. ते फक्त अप्परवर जमतं, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर अप्पर सतत लावताच येत नाही.

मग हिशेब उलट बाजूने करावा लागतो. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा असला, तर ताशी ६० ला गाडी थांबायला चार एसटी इतकं अंतर लागतं, ८० ला सहा, १०० ला नऊ. समृद्धी महामार्गाच्या १२० ला बारा लागतात, म्हणजे १०५ व्या नियमाने मागितलेलं अंतर जवळजवळ सगळंच. पावसात यात आणखी भर घालावी. दिवा जितक्या एसट्या दाखवतो, तितक्यांतच थांबता येईल असा वेग ठेवायचा. तेराव्या एसटीपर्यंतची बाकीची जागा बल्ब भरून काढत नाही. ती उजवा पाय उचलूनच भरावी लागते.